आवाज आत्ता कुठे आहे?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याचं काही अडलं की पहिला राग निघतो तो सॉफ्टवेअरवर. प्रोग्राम काढून पुन्हा टाकायचा, त्याने भागलं नाही तर दुसरा उतरवायचा, मग तिसऱ्याचे व्हिडिओ बघत बसायचं. आणि रात्री दीड वाजता ध्यानात येतं की माइक इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनेलला लावलाय आणि ट्रॅक पहिल्या चॅनेलकडे कान लावून बसलाय. मुरलेला रेकॉर्डिस्ट यात रात्र घालवत नाही, कारण त्याला आवाजाच्या वाटेने पायी चालत जायची सवय असते.

ती वाट फार लांब नाही. गळ्यातून हवेत, हवेतून माइकच्या पडद्यावर, तिथून केबलमधून इंटरफेसमध्ये. इंटरफेस सेकंदाला 48,000 वेळा त्या लहरीची उंची मोजतो आणि ते आकडे यूएसबीवरून कॉम्प्युटरकडे धाडतो. पुढे ड्रायव्हर, मग बफर, मग तुमचा प्रोग्राम आणि सगळ्यात शेवटी डिस्क. काहीही बिघडलं तरी विचारायचं एकच: आवाज आत्ता कुठवर पोचलाय? गाताना इंटरफेसवरचा हिरवा दिवा लुकलुकत असेल, तर माइक आणि केबल यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवाच लागत नसेल, तर सॉफ्टवेअरला हात लावण्यात अर्थ नाही. कंडेन्सर माइक असेल तर 48 वोल्टचं बटण दाबलंय का ते पाहा. त्या विजेशिवाय हा माइक मुका असतो. (या 48 चा आणि वरच्या 48,000 चा काही संबंध नाही, पण नवख्याचा गोंधळ हमखास होतो.)

दिवा लुकलुकतोय आणि ट्रॅकवर मात्र सरळ रेघ उमटतेय, हा प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढला. कारण आहे परवानगी. ॲपलने मॅकच्या 2018 च्या मोहावी आवृत्तीपासून आणि विंडोजने साधारण त्याच सुमारास माइक वापरायला प्रोग्रामला मुभा लागेल अशी सोय केली. हेतू चांगला होता, कुणी चोरून ऐकू नये. पण मुभा नाकारलेली असली तर अनेक प्रोग्राम तसं सांगतच नाहीत. रेकॉर्डिंग सुरू होतं, घड्याळ पुढे सरकतं आणि फाइलमध्ये शुद्ध शांतता भरत जाते. सेटिंगमधल्या प्रायव्हसीखाली मायक्रोफोन हे पान उघडून बघा. तिथली एक चकती सरकवली की संपलं.

घरघर ही वेगळी गोष्ट. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे वायरिंगमधून शिरणारा हम 50 वर आणि त्याच्या पटींत, म्हणजे 100, 150 वर ऐकू येतो. कान देऊन ऐकलात तर हा सूर पांढरी पाचच्या थोडा वर चढलेला सापडेल. अमेरिकेत बनवलेल्या व्हिडिओत सांगितलेला 60 हर्ट्झचा फिल्टर लावून तो जात नाही, म्हणून लोक वैतागतात. फिल्टरच्या आधी एक सोपी परीक्षा करा: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि नुसत्या बॅटरीवर रेकॉर्ड करा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. अशा वेळी एखादा ‘जाणकार’ प्लगची मोठी पिन काढून टाकायचा सल्ला देतो. तो मुळीच ऐकू नका. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी असते. लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि गायचा टेक तेवढा बॅटरीवर काढा.

आता घरच्या स्टुडिओतली सगळ्यात छळणारी तक्रार: टक्, चर्र, मधेच अक्षर खाल्लेलं. इथे बफर म्हणजे काय ते कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. नगरपालिकेचं पाणी वेळ साधून येतं, नळ मात्र दिवसभर चालायला हवा, म्हणून गच्चीवर टाकी असते. कॉम्प्युटरचंही तसंच. प्रोसेसर एकाच वेळी शंभर कामं करतो, आवाजाकडे तो मधून मधून येतो. आवाज मात्र अखंड वाहायला हवा. म्हणून आकडे बफरमध्ये साठवायचे. टाकी लहान ठेवली आणि प्रोसेसरला यायला जरासा उशीर झाला की ती कोरडी पडते, आणि ते कोरडं पडणं म्हणजेच तो ‘टक्’. टाकी मोठी केली तर टक् जातो, पण आवाज आत शिरून बाहेर पडायला वेळ लागतो.

किती वेळ, ते सरळ भागाकाराने निघतं. 48 किलोहर्ट्झला 128 सँपलचा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 256 चा 5.3, 1,024 चा 21.3. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट, आणि वर यंत्राचा स्वतःचा थोडा उशीर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसलाय असं समजा, तेवढं चालतं. पंचेचाळीस मिलिसेकंदांवर तो पंधरा मीटर लांब गेला, आता जमणार नाही. म्हणून रिवाज असा की रेकॉर्ड करताना बफर 128 किंवा 256, आणि मिक्स करताना 1,024. मिक्सच्या वेळी उशिराने कुणाचं काही बिघडत नाही, तेव्हा मोठी टाकी खुशाल वापरावी. गाताना स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. त्याने तुमचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता थेट हेडफोनमध्ये येतो आणि बफरचा प्रश्नच राहत नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावून गाणारे पुष्कळ आहेत. त्यांना कितीही बफर कमी करून उपयोग नाही, कारण ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची असते. म्हणजे तुमची सम जवळजवळ एक मात्रा मागे पडली! वायरचा हेडफोन घ्या, साधा चालेल.

बफर वाढवूनही टकटक जात नसेल तर दुसरंच कुणीतरी प्रोसेसरला अडवून धरतंय. विंडोजवर लॅटन्सीमॉन नावाचा एक फुकट प्रोग्राम मिळतो. तो दहा मिनिटं चालवला की कुठला ड्रायव्हर किती वेळ खुर्ची सोडत नाही ते दाखवतो. वाय-फायचा ड्रायव्हर त्यात बऱ्याचदा सापडतो. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करा, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, यूएसबीची झोपी जायची सवय बंद करा, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. फक्त एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि टकटक थांबली, तर ती कशाने थांबली हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून.

सूरच बदलला, अशी तक्रार आली की मला खात्रीने सांगता येतं की कुठेतरी 44.1 आणि 48 यांची भेट झालीय. सीडी 1982 मध्ये आली ती 44.1 किलोहर्ट्झ घेऊन. व्हिडिओच्या जगात 48 रुळला. सीडीवरून आलेला कराओके ट्रॅक 44.1 चा आणि तुमचा इंटरफेस 48 वर. बहुतेक प्रोग्राम आपण होऊन रूपांतर करतात; जेव्हा करत नाहीत तेव्हा 44.1 ची फाइल 48 च्या वेगाने धावते. पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत आटोपतं आणि काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. त्या पट्टीत हार्मोनियम लागत नाही, म्हणून पेटीवाल्याला हे सगळ्यांत आधी कळतं. विंडोजची साउंड सेटिंग, इंटरफेसचं पॅनेल आणि प्रोजेक्ट या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असायला हवा.

हे झालं डिस्कपर्यंतचं. खरं रडू येतं ते त्यानंतर. टेक रंगात आलाय आणि वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली असते. परत सुरू केल्यावर फोल्डरमध्ये फाइल दिसते, आकार 312 एमबी दिसतो, आणि वाजवायला गेलं तर लांबी शून्य सेकंद. फाइल खराब झाली म्हणून ती डिलीट करणारे लोक मी पाहिलेत. थांबा! वेव्ह फाइलची रचना मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी 1991 मध्ये ठरवली, आणि ती फार सरळ आहे. सुरुवातीला एक छोटा मथळा, बहुधा 44 बाइटचा, आणि त्याच्यामागे नुसते आवाजाचे आकडे. आत आवाज किती आहे हे मथळ्यात लिहायचं काम बहुतेक प्रोग्राम ‘स्टॉप’ दाबल्यावर करतात. वीज आधीच गेली, म्हणून मथळ्यात शून्य राहिलं. आवाज जागेवरच आहे.

तो बाहेर काढायला ऑडॅसिटी पुरते. फाइलची आधी एक प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. ऑडॅसिटीत ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ निवडलं की ती चार-पाच प्रश्न विचारते. 24 बिट, लिटल एंडियन, मोनो, 48,000, आणि सुरुवात कुठून, तर 44 बाइटनंतर. हेडफोन काढून ठेवा आणि स्पीकर अगदी बारीक करा, कारण अंदाज चुकला तर धबधब्यासारखी खरखर कानावर कोसळते. खरखर आली तर सुरुवात 45 करून पाहा, मग 46. चोवीस बिटांत एक आकडा तीन बाइटांचा असतो. मथळा थोडा लांब असेल तर तीन बाइटांचा घास चुकीच्या जागी तुटतो, म्हणून हा खटाटोप. आवाज दुप्पट वेगाने, एक सप्तक वर आला तर मोनोला तुम्ही स्टीरिओ म्हणालात. सगळं जुळलं की 312 एमबी म्हणजे छत्तीस मिनिटं, तंबोऱ्यासकट परत. हिशोब तपासायचा असेल तर सेकंदाला 1,44,000 बाइट धरा.

ऑडॅसिटीचं नाव निघालंच आहे तर तिच्या एका जुन्या खोडीबद्दल सांगायला हवं, कारण बॅकअपच्या निम्म्या दुःखांचं मूळ तिथे दिसतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला हा प्रोग्राम 2000 साली सगळ्यांसाठी खुला झाला आणि पुढची वीस वर्षं तो प्रत्येक गाण्याच्या दोन गोष्टी करत होता: एयूपी नावाची एक छोटी फाइल आणि शेजारी डेटा नावाचा फोल्डर. आवाज सगळा फोल्डरमध्ये. फाइलमध्ये फक्त कुठला तुकडा कुठे येतो याची यादी. लोक बिचारे फाइल पेनड्राइव्हवर घ्यायचे, बॅकअप झाला म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करायचे, आणि नंतर उघडल्यावर रिकाम्या ट्रॅकांची रांग. मार्च 2021 मध्ये 3.0 आवृत्तीने हे सगळं एयूपी3 नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधलं. पण क्यूबेस, रीपर, प्रो टूल्स, एबलटन यांच्यात तो जुना मामला आजही आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाण्याची यादी. गाणं ऑडिओ फोल्डरमध्ये. रीपरची प्रोजेक्ट फाइल तर साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचा, प्रत्येक तुकड्याचा पत्ता दिसेल. त्यात ‘डाउनलोड्स’मधला एखादा पत्ता दिसला की समजा, मित्राने पाठवलेला तबल्याचा ट्रॅक तुम्ही तिथूनच ओढून आणला आणि तो अजून तिथेच राहतोय. उद्या डाउनलोड्स साफ केलं की तबला गेला. म्हणून एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आणि रीपरमध्ये सेव्ह करतानाच मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात आणायची खूण असते. ती पहिल्या दिवशीच लावावी.

आता बॅकअप. आपल्याकडे असेम्बल केलेल्या कॉम्प्युटरला सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देण्याची पद्धत आहे. गाणी डी मध्ये आणि ‘बॅकअप’ ई मध्ये, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. पण डी आणि ई ही एकाच डिस्कवर आखलेली दोन दालनं असतात. डिस्क गेली की दोन्ही एकाच क्षणी जातात. विंडोजच्या फाइल हिस्टरीची गंमत याच्या उलट आहे. ती दर तासाला इमानदारीने प्रती काढते, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, म्युझिक अशा ठरलेल्या फोल्डरांच्याच. डी ड्राइव्हला ती आपण होऊन शिवत नाही. म्हणजे डीवर गाणी ठेवणाऱ्याच्या घरी बॅकअप चालू असतो आणि त्यात गाणी सोडून सगळं असतं.

क्लाउडवर टाकलं की झालं, हा दुसरा भ्रम. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांचं मुख्य काम दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणं. तुम्ही इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचऱ्याच्या डब्यात साधारण महिनाभर राहतं, मग कायमचं जातं. वनड्राइव्हची फुकट जागा 5 जीबी. आठ ट्रॅकांचं पाच मिनिटांचं गाणं नुसतं एकेका टेकचं धरलं तरी साडेतीनशे एमबी होतं, आणि टेक एकेकच कोण घेतं? जागा भरली की एका कोपऱ्यात लहानसं चिन्ह बदलतं आणि पुढचं काहीच वर जात नाही. शिवाय चालू रेकॉर्डिंगचा फोल्डर असा सतत जुळवल्या जाणाऱ्या जागी ठेवू नये. प्रोग्राम फाइल लिहीत असताना दुसरा कुणी ती उचलू पाहतो, आणि पुन्हा टकटक सुरू. मॅकवर आयक्लाउड जागा वाचवायला जुन्या फाइलींचं नुसतं नाव मागे ठेवतं. प्रवासात नेट नसताना प्रोजेक्ट उघडला की ट्रॅक गायब.

बॅकअप आहे पण चालत नाही, याचा जगातला सगळ्यांत उघडपणे सांगितला गेलेला किस्सा गिटलॅब या कंपनीचा. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले. हरकत नाही, प्रती काढण्याच्या पाच वेगवेगळ्या तजविजी होत्या. एकही कामाला आली नाही. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने रोजच नापास होत होता; नापास झाल्याची ईमेल तो पाठवत होता आणि ती ईमेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी वाचवलं ते काही तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहज हाताने काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांचं काम गेलं. कंपनीने हे लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, याबद्दल मला तिचं कौतुक आहे.

या धंद्यात पाळायचा नियम छोटा आहे आणि तो पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरच्या स्टुडिओसाठी याचा अर्थ असा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरचंही कुलूपबंद करतो. कपाटातल्या डिस्कला त्याचा हात पोचत नाही. मॅकवाल्यांना 2007 पासून टाइम मशीन फुकटात मिळालंय, त्यांना सबब नाही. जग 31 मार्चला बॅकअप दिन पाळतं. आपण त्या दिवशी वर्षअखेरीच्या हिशोबात बुडालेले असतो, तेव्हा दुसरी तारीख धरा.

आणि परीक्षा? कपाटातली डिस्क काढा, ती दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावा, मागच्या वर्षीचं एक गाणं उघडा आणि वाजवा. सगळे ट्रॅक वाजले तर बॅकअप आहे. आपल्याच लॅपटॉपवर हे करून उपयोग नाही, कारण प्रोजेक्ट गुपचूप डी ड्राइव्हवरच्या मूळ फाइली वाजवतो आणि आपण खूश. याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. नव्या विंडोज 11 लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. लॅपटॉपचा बोर्ड जळला आणि डिस्क दुसरीकडे लावली की ती 48 आकडी किल्ली मागते. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच शोधून कागदावर लिहा.

डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली तर ती बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका; प्रत्येक वेळी आतला काटा आणखी ओरखडे काढतो. चुकून पुसलेली फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत मिळते, मात्र त्या डिस्कवर नवं काहीही लिहायचं नाही, वाचवण्याचा प्रोग्रामसुद्धा तिच्यावर उतरवायचा नाही. एसएसडीवरची आशा कमी, कारण ती पुसलेली जागा स्वतःच लवकर साफ करून टाकते.

फाइली शाबूत आणि गाणं मात्र उघडत नाही, असंही होतं. ॲपलने मॅकच्या 2019 च्या कॅटालिना आवृत्तीत 32 बिटांचे सगळे प्रोग्राम बंद केले आणि त्यांच्याबरोबर हजारो जुने प्लगइनही गेले. म्हणून मिक्स झाल्यावर प्रत्येक ट्रॅकची एक वेगळी वेव्ह फाइल काढावी, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, म्हणजे कुठल्याही प्रोग्राममध्ये एकाखाली एक ओढल्या की जुळतात. शेजारी एक साधी मजकुराची फाइल: पट्टी, ताल, लय, सँपल रेट, कुठले प्लगइन वापरले, दुसऱ्या कडव्याला कितवा टेक निवडला, तबला कुणाचा. हे काम मिक्स संपल्या रात्रीच उरकावं. नंतर प्लगइनच्या चाचणीची मुदत संपते आणि ज्या ट्रॅकवर ते लावलेत ते ट्रॅक आता तुम्हाला बाहेर काढायचेच असले तरी निघत नाहीत.